सोमवारची पोती

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं नव्हतं. नेहमी व्हायचं, तेवढंही झालं नाही.

मी चंद्रपूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. रविवारी सकाळी चांदा फोर्टहून गाडी धरून नागभीडला यायचं, आईच्या हातचं जेवायचं, दुपारी बाबांच्या शेडवर बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं, असा तीन वर्षांचा क्रम होता. शेडवर बसायचं म्हणजे ऐकायचं. बाबा मला मशीन समजावून सांगत. दर रविवारी, पहिल्यापासून, जणू मागच्या रविवारी मी आलेच नव्हते.

बाबांचं नाव गुलाब. सिमेंटच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, विहाराच्या कमिटीत जातात, नातवंडं सांभाळतात. बाबांनी नागपूरकडच्या एका बंद कारखान्याच्या लिलावातून भंगारातला धातू वेगळा करणारी मशीन आणली आणि गावाबाहेर टिनाची शेड घातली. तुटलेले पंखे, मिक्सर, मोटारी, वायरी आल्या की आधी चक्कीत त्यांचा चुरा व्हायचा. तो पट्ट्यावरून निघाला की वर टांगलेला मोठा चुंबक त्यातलं लोखंड उचलून घ्यायचा. उरलेला माल पुढच्या ढोलाकडे जायचा. त्या ढोलाच्या आतही चुंबक आहेत, पण ते भयंकर वेगाने फिरतात. अॅल्युमिनियम एरवी चुंबकाला विचारत नाही. या ढोलावर मात्र कुणी हुसकावल्यासारखे त्याचे तुकडे उडी मारतात आणि मधली आडपट्टी ओलांडून लांबच्या डब्यात पडतात. तांबं त्याहून कमी उडतं. प्लास्टिक, रबर, लाकूड सरळ खाली. "तांबं जड असते, म्हणून आळशी," हे वाक्य मी दीडशे वेळा तरी ऐकलं असेल.

शेडला नियम एकच. त्या ढोलापाशी लोखंड न्यायचं नाही. लोखंडाचा बारका तुकडा जरी पट्ट्याच्या आत शिरून ढोलाला चिकटला तरी तो पाच मिनिटांत लाल होतो आणि ढोलाचं फायबरचं कवच जाळून आत जातो. म्हणून दाराशी एक प्लास्टिकची वाटी ठेवलेली असे. माल निवडायला येणाऱ्या चार बायका आधी त्या वाटीत साडीच्या पिना, केसांचे आकडे, किल्ल्या काढून ठेवत आणि मगच आत येत. आईसुद्धा डबा घेऊन आली की पदराची पिन काढत असे आणि मग दोन्ही हातांत डबा, दातांत पदर अशी आत येत असे. बाबांना ते दिसत नसे. त्यांना फक्त पिन दिसे.

त्यांच्या खिशात कायम एक चुंबक असायचा, जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेला. ते तो सगळ्याला लावून बघत. पाहुण्याच्या डब्याला, लग्नातल्या ताटाला, माझ्या घड्याळाला. विहारात गावातल्या एका पुढाऱ्याने पितळेची बुद्धमूर्ती दिली, तेव्हा वंदना संपल्यावर बाबांनी पुढे होऊन मूर्तीच्या बैठकीला चुंबक लावला. तो चिकटला. लोखंडावर पितळेचं पाणी होतं. बाबांनी कुणाला काही म्हटलं नाही, चुंबक ओढून काढला, पण त्याचा टक् असा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. तो पुढारी वर्षभर आमच्याशी बोलला नाही. मी आठवडाभर बोलले नाही.

तर त्या रविवारी बाबांनी शेडच्या कोपऱ्यात तीन पोती दाखवली. पोत्यांवर लाल रंगाने 'सोमवार' लिहिलेलं. वायरींचा चुरा केला की तांब्याच्या बारीक तारा निघतात, आणि अशी सुटी तार ढोलावरून उडत नाही, प्लास्टिकबरोबर कचऱ्यात जाते. बाबा दोन वर्षं यावर कुढत होते. आता त्यांनी तो कचरा पुन्हा चक्कीतून काढला होता, त्यामुळे तारा एकमेकींत गुंतून त्यांच्या गुठळ्या झाल्या होत्या. बोराएवढ्या. गुठळी उडेल, असं त्यांचं म्हणणं. पण पट्ट्याचा वेग आणि आडपट्टीची जागा एकाच वेळी बदलत बघावं लागणार होतं.

"एक दिस थांब नं," ते म्हणाले. "बटनापाशी एक मानूस पाह्यजे, पट्टीपाशी एक."

मी म्हटलं, भागीरथाबाई आहे की. भागीरथाबाई पहिल्या दिवसापासून शेडवर कामाला होती, बाकीच्या बायकांची मुकादम.

"तिले बटन देलं त ती बटन नाई पाहत, मले पाहून राह्यते."

मी सांगितलं की सोमवारी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी आहे. ते "बरं" म्हणाले आणि पोत्याचं तोंड सुतळीने बांधायला लागले.

मोजणी नव्हती. दर वर्षी जूनमध्ये होते, तशी ती जूनमध्येच झाली होती. मला फक्त आणखी एक दिवस ते सगळं पहिल्यापासून ऐकायचं नव्हतं. घरी एक कादंबरी अर्धी राहिली होती. गाडीत मला जागा मिळाली, खिडकीची, आणि सिंदेवाहीपर्यंत मी बाबांचा विचारही केला नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला भागीरथाबाई शेडवर आली तेव्हा बाबा मशीनला टेकून बसले होते. मशीन सुरू नव्हती. एका पोत्याची सुतळी सोडलेली होती. डॉक्टर म्हणाले, तास होऊन गेला.

पुढच्या आठवड्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांच्या घरी असा आठवडा झाला आहे त्यांना तो माहीत आहे. एवढंच सांगते की दारात येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगायची. बाबांनी नंदिनीला थांब म्हटलं होतं, पण पोरीला कॉलेजचं काम होतं, नाहीतर ती थांबलीच असती. पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवायचे. एक मावशी म्हणाली, नोकरी म्हटलं की पर्याय नसतो. दुसरी म्हणाली, सरकारी लोकांना काय समजतं माणसाचं दुःख. माझं कॉलेज सरकारी नाही. मी तेवढंच दुरुस्त केलं.

भागीरथाबाईने अंत्यसंस्काराच्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माणूस जिथे पडतो तिथे लोखंड ठेवावं लागतं, नाहीतर तो तिथेच घुटमळतो. तिच्या गावात तशी रीत आहे. मी तिच्यावर खेकसले. बाबांनी आयुष्यभर असल्या गोष्टींना विरोध केला, आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, आणि जागा तरी कोणती, जिथे पिनसुद्धा चालत नाही. ती म्हणाली, "मी आपलं सांगतलं, बाई." आणि गेली.

रविवारी सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे पांगल्यावर माझा धाकटा भाऊ नागसेन म्हणाला की मशीनला गिऱ्हाईक मिळालं आहे, गुरुवारी ट्रक येईल. नागसेन रायपूरला नोकरी करतो आणि नेहमी बरोबर बोलतो. त्याच्याबरोबर राहणं त्यामुळेच अवघड आहे. शेड चालवणार कोण, आईच्याने होणार नाही, तो येणार नाही.

"तुले चालवाची आहे काय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही, पण गुरुवारपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. बाबांची तीन पोती राहिली आहेत.

"पोती भंगारात देऊन टाकू."

"नाही."

आजारी माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मी रजा वाढवून घेतली. ते तीन पोत्यांचं काम मी बाबांसाठी करत होते असं सगळ्यांना वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. खरं म्हणजे मला तो सोमवार पुन्हा हवा होता. आणि तो मिळत नसतो हे कळण्याइतकं वाचन माझं आहे.

मंगळवारी सकाळी मी आणि भागीरथाबाई शेडवर गेलो. पिना वाटीत ठेवल्या. बाबांची वही होती, पण तिच्यात अक्षरं कमी आणि बाण जास्त. पट्ट्याच्या वेगाचे आकडे त्यांनी वहीत न लिहिता भिंतीवर खडूने लिहिले होते, आणि तेराव्याला करतात तशी साफसफाई शेजारच्या कुणीतरी आम्ही न सांगता सातव्यालाच करून टाकली होती. भिंत चुन्याने पांढरी. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. तो चहा घेऊन आला होता. मी चहा घेतला.

अंदाजाने सुरू केलं. भागीरथाबाई बटणापाशी, मी आडपट्टीपाशी. बाबा म्हणाले होते ते खरं निघालं, ती बटण बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी "हळू" म्हणून ओरडले की ती वेग वाढवायची, कारण ढोलाच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं आणि हात मात्र मी वर करत होते. दोनदा बंद करून तिला समजावलं. तिसऱ्यांदा समजावताना माझ्या लक्षात आलं की मी पहिल्यापासून सांगते आहे. अॅल्युमिनियमपासून.

मग पोत्यातल्या पहिल्या ओंजळी पट्ट्यावर गेल्या. प्लास्टिक खाली पडलं. आणि एक गुठळी उडाली. मग दुसरी, मग चार एकदम, आडपट्टीच्या कडेला टक्कर घेऊन पलीकडे. मी पट्टी बोटभर मागे घेतली. आता त्या स्वच्छ ओलांडून जात होत्या, लालसर, आळशी, पण जात होत्या. मी भागीरथाबाईला खूण केली आणि तिने चुकून का होईना वेग बरोबर तेवढाच ठेवला. दोन मिनिटं. फार तर तीन.

मग वास आला. आधी रबराचा, मग केस जळल्यासारखा. पट्ट्याखालून धूर निघाला, ढोलाच्या कडेला एक लाल ठिपका गरगरताना दिसला आणि मी मुख्य स्विच खाली ओढला. मशीन थांबायला नेहमीप्रमाणे खूप वेळ लागला.

नागपूरच्या मेकॅनिकला, श्रीहरीला, फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, एकदा बंद करून परत चालू करून पाहा." मी त्याला सांगितलं की धूर येतो आहे. तो म्हणाला, "हां, मग नका करू." बुधवारी दुपारच्या बसने तो आला. आधी जेवला. मग पट्टा उतरवला आणि ढोलावर रुपयाच्या नाण्याएवढं भोक दाखवलं. भोकाच्या तळाशी चिकटलेला तुकडा त्याने पकडीने उपटून माझ्या हातावर ठेवला. दीड इंचाचा, जळून निळा झालेला, पण एका कडेचे बारीक दाते ओळखू येत होते. धान कापायच्या विळ्याचं टोक होतं ते.

हे मालातून आलेलं नाही, श्रीहरी म्हणाला. मालातून आलं असतं तर पट्ट्याच्या वर राहिलं असतं. हे बाजूने, पट्ट्याच्या आत कुणीतरी घातलं आहे. नवीन कवच कंपनीकडून यायला दोन महिने. आणि असं ढोलापाशी लोखंड नेऊ नये हे तुम्हाला बाबांनी सांगितलं नव्हतं का, असंही त्याने मला विचारलं.

नागसेनला फोन केला. मग त्याने गिऱ्हाइकाला विचारून परत फोन केला. भोक पडलेली मशीन त्याला नको होती, ट्रक येणार नव्हता. "तुले कोनं सांगतलं होतं चालू कराले?" तो म्हणाला. यातही तो बरोबरच होता.

मी भागीरथाबाईसमोर तो तुकडा धरला. बाकीच्या तीन बायका माल निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. मी आवाज चढवला नाही. मी कधी चढवत नाही. मी शब्द निवडते, आणि ते जास्त वाईट असतं. तीन वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काम केलं त्याचा एक नियम तुला पाळता आला नाही, असं म्हटलं. अडाणीपणा हा शब्द वापरला. बाबांची शेवटची गोष्ट तू जाळलीस, असंही म्हटलं.

तिने नाकारलं नाही. तुकड्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "सुधरते नं पन मशीन?" एवढंच विचारलं. मग दारातल्या वाटीतून आपल्या दोन पिना उचलल्या, साडीला लावल्या आणि वेळेच्या आधी घरी गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मला आपण बरोबर आहोत असं वाटत होतं.

घरी आई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ऊन अजून होतं. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. धूर, भोक, श्रीहरी, ट्रक. शेवटी तुकडा सुपात ठेवला आणि भागीरथाबाईबद्दल आणखी दोन वाक्यं बोलले.

आईने तुकडा उचलला, पालथा करून बघितला आणि परत ठेवला. तीन शेंगा सोलल्या.

"भागीरथानं नाई ठेवलं," ती म्हणाली. "मी ठेवलं."

मी तुकडा सुपातून उचलून घेतला.

"गुरुवारी सकारी गेली होती. कोनी आलं नव्हतं तवा. भागीरथा आली मी निघता निघता, तिनं पाह्यलं मले." ती शेंगांकडे बघून बोलत होती. "पिन काढली मी. वाटीत ठेवली, येताना घेतली."

पिन काढून, पदर दातांत धरून, हातात विळ्याचं टोक घेऊन ती आत गेली होती. मी डोळे मिटले. माझ्या आईने पंचवीस वर्षं विहारातल्या बायकांना प्रतिज्ञा म्हणायला शिकवल्या आहेत.

"माह्या आईनं माह्या बापासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली. "मले मालूम आहे त्यायले आवडलं नसतं. मी आत नव्हती ठेवत, खाली ठेवत होती, जिथी ते बसले होते तिथी. वाकली, त हातातून वढूनच घेतलं मशीननं. मी लय वढलं, सुटेच नाई." तिने उजव्या हाताचं बोट दाखवलं. टोकाला कापल्याची खूण होती, आता सुकलेली. सात दिवस ती खूण माझ्यासमोर होती आणि मी बघितली नव्हती. "मग मले वाटलं, त्यायनंच घेतलं. म्हून सोडून देलं."

मला सगळं माहीत होतं. मशीन बंद असली तरी ढोलातले चुंबक चुंबकच राहतात, हे मला दीडशे वेळा सांगितलेलं होतं. ते तिलाही सांगितलेलं असणार, या तीन वर्षांत माझ्याहून जास्त वेळा. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं, बाबांच्याच सुरात, पहिल्यापासून. मी ते गिळलं.

भागीरथाबाईकडे जावं लागणार होतं. आजच, अंधार पडायच्या आत.

"तुले काऊन नाई सांगतलं विचारशीन," आई म्हणाली. "तू रागावशीन म्हून. अन् तुले अगुदरच लागून होतं मनाले. काम नसतं त तू थांबलीच असती, मी सांगते नं सगळ्यायले."

तिने पुढची शेंग घेतली. ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती, आणि उद्या कुणी आलं तर त्यालाही म्हणणार होती, आणि पुढच्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्या.

"आई," मी म्हटलं. "मले काम नव्हतं."

तिचे हात चालूच होते.

"पुस्तकायची मोजनी जूनमध्येच झाली. सोमवारी काहीच नव्हतं. बाबा थांब म्हनले अन् मले कंटाळा आला होता त्यायचं आयकाचा. म्हून मी खोटं बोलली."